आरशातली वेल

ठिगळबाई हे नाव शेजारणींनी चिडवायला ठेवलं होतं. बाईंनी ते उचललं, एका फळीवर रंगवलं आणि घराच्या दारावर ठोकून टाकलं. तेव्हापासून चिडवणाऱ्यांचीच पंचाईत झाली. जुने पडदे, विटलेल्या चादरी, गुडघ्यांत झिजलेल्या पँटी, कुणाच्या तरी वडिलांचे कपाटात लटकून राहिलेले कोट, असलं सगळं बाई गोळा करत. ते धुवायचं, उसवायचं, कांद्याच्या सालींत नाहीतर चहाच्या चोथ्यात रंगवायचं आणि त्यातून जाकिटं, झगे, सदरे शिवायचे. एका जाकिटाला आठ-दहा दिवस सहज लागत. कुणी गिऱ्हाईक घाई करू लागलं की बाई त्याला खुर्ची देत आणि हातात उसवायची एक बाही देत. बहुतेक जण अर्ध्या तासात शहाणे होत.

घराची पुढची खोली हीच कामाची खोली. खिडकीपाशी मशीन, भिंतीला कापडाच्या चळती आणि कोपऱ्यातल्या बुटक्या खुर्चीत काज करणाऱ्या सासूबाई. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही आपल्याला चष्मा लागत नाही असा त्यांचा दावा होता. सुई तेवढी सून ओवून देई. बाईंचा नवरा पाण्याची मीटरं वाचायला दारोदार हिंडे आणि येताना कुणाकडचे पडदे बदलायला झालेत याची पक्की खबर घेऊन येई.

या घरात गेल्या वर्षी एक गृहस्थ यायला लागले. पन्नाशीचे, डोक्याचं मैदान झालेले, बोलायला इतके नम्र की आत येताना पायपुसण्यावर दोनदा पाय पुसत. थोरल्या बहिणीसाठी म्हणून त्यांनी एक जाकीट नेलं. महिन्याभरानं दुसऱ्या बहिणीसाठी नेलं. मग तिसरी, चौथी. प्रत्येक वेळी ते शिलाई बोटानं चाचपून बघत, खिसा कसा लावलाय ते विचारत आणि बाई हौसेनं सांगत. पाचव्या बहिणीचं जाकीट गेलं त्या दिवशी बाईंनी नवऱ्याला विचारलं, तुम्ही तुमच्या बहिणीला शेवटचं काय दिलं होतं? नवऱ्यानं वर्तमानपत्र जरा उंच धरलं.

कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या, "अगं, पाच बहिणी आणि पाचही छत्तीस छातीच्या? आम्ही तिघी बहिणी होतो. एकीचा झगा दुसरीच्या खांद्यावरून खाली उतरायचा नाही."

बाईंनी वही काढून मापं पाहिली. पाच वेळा छत्तीस. बाह्यांची लांबीसुद्धा तसूभर इकडे तिकडे नव्हती. त्यांनी वही मिटली आणि मनात काही ठेवलं नाही. असतात एकेका घराचे बांधे सारखे, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

आठवड्याभरानं नवरा मीटर वाचून घरी आला तो पडेल चेहऱ्यानं. आधी जेवून घेतलं. मग म्हणाला, मोठ्या रस्त्यावरच्या त्या तीन मजली दुकानाच्या काचेत तुझी पाच जाकिटं उभी आहेत. एकेकाच्या मागं रांगेनं पन्नास-पन्नास.

दुसऱ्या दिवशी सासू-सुना त्या काचेसमोर जाऊन उभ्या राहिल्या. जाकिटं बाईंचीच होती. कॉलर तीच, खिसे तेच, पाठीवरची तिरकी टीपही तीच. वर पाटी होती: हातांची ऊब, जुन्या कापडाला नवं आयुष्य. कापड मात्र कोरं करकरीत, चकाकणारं होतं. सासूबाईंनी आत जाऊन एका कोपरावरचं ठिगळ नखानं उचकटून पाहिलं. ते उचकटेना. उचकटणार कसं? ते छापलेलं होतं. टाकेसुद्धा छापलेले होते.

बाई घरी आल्या आणि दोन दिवस मशीनला बसल्या नाहीत. कॉलर चोरली, खिसे चोरले, त्याचं त्यांना एवढं वाटत नव्हतं. कॉलर काही त्यांनी आभाळातून आणली नव्हती. पण त्यांच्या प्रत्येक ठिगळाखाली एक खरं भोक होतं. कुणीतरी वर्षानुवर्षं एखाद्या टेबलावर कोपर टेकवून बसलं होतं, म्हणून ते पडलं होतं. भोकाशिवायचं ठिगळ त्यांना खोट्या अश्रूंसारखं वाटलं आणि संताप संताप झाला.

नवरा म्हणाला, वकिलाकडून नोटीस पाठवू. त्याच्या ओळखीचा एक वकील होता, त्याच्याकडचं मीटर तो नेहमी नीट वाचत असे.

"नोटीस वाचतंय कोण?" सासूबाई म्हणाल्या. "फायलीत घालतील आणि वर पेपरवेट ठेवतील."

बाईंनी मान वर केली. दोन दिवसांनी पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "आई," त्या म्हणाल्या, "लोकांनी वाचायलाच पाहिजे अशा जागी लिहिलं तर?"

मग पुढचे बारा दिवस त्या घरात जे चाललं, त्याला काम म्हणावं की खोडी म्हणावं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. बाईंनी एका कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं: ही नक्कल. मूळ ठिगळबाईंकडे. कागद पालथा करून खिडकीच्या काचेला चिकटवला आणि उजेडात उमटलेली उलटी अक्षरं गिरवून घेतली. आपल्या अक्षरांची एक सोय आहे, ती डोक्यावरच्या रेघेला लटकलेली असतात. बाईंनी त्या रेघेची फांदी केली. खाली लोंबणाऱ्या अक्षरांना पानं फोडली, देठ वळवले, वेलांट्यांचे तणावे केले. मग करड्या पडद्याच्या एका देखण्या जाकिटावर, छातीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, हिरव्या दोऱ्यानं साखळी टाक्यात ती वेल भरली. नुसतं बघणाऱ्याला ती वेलच दिसे. आरशासमोर धरलं की मजकूर खणखणीत वाचता येई. आतून अस्तर लावून टाक्यांची मागची बाजू झाकून टाकली.

सासूबाईंनी ते जाकीट अंगात घातलं, कपाटाच्या आरशासमोर उभ्या राहिल्या, वाचलं आणि खुर्चीत बसून इतक्या हसल्या की बाईंच्या नवऱ्याला पाणी आणावं लागलं.

गृहस्थ ठरल्यासारखे आले. सहाव्या बहिणीचा वाढदिवस होता. वेल पाहून त्यांचे डोळे चमकले.

"फारच नाजूक काम आहे," ते म्हणाले. "कसली वेल ही?"

"अजून फूल आलेलं नाही," बाई सुई पारखत म्हणाल्या. "आलं की सगळ्यांना कळेल."

सासूबाईंना अचानक खोकल्याची उबळ आली आणि त्या आत गेल्या. जाता जाता तेवढं विचारून गेल्या, की सहावीच्या अंगात काही फरक नाही ना, छत्तीसच ना? गृहस्थ म्हणाले, हो, छत्तीसच.

दीड महिन्यानं वेल काचेत आली. एक नाही, दोन नाही, पुतळ्यांची अख्खी रांग. मशीनवर भरलेली, पण पानन् पान जागच्या जागी. आता उद्या बोभाटा होणार म्हणून दोघी वाट पाहत बसल्या. उद्या गेला, परवा गेला. जाकिटं रस्त्यावर दिसू लागली. बसच्या थांब्यावर, दवाखान्यात, बँकेच्या रांगेत, जिकडे तिकडे वेल. सगळ्या बायका किती सुंदर, किती वेगळं म्हणत होत्या. वाचत कुणीच नव्हतं.

सासूबाईंना राहवेना. त्या रोज दुपारी दुकानात जाऊन कपडे घालून बघायच्या खोलीबाहेर बाकावर बसू लागल्या. त्यांनी आणलेली खबर निराश करणारी होती. येणारी गिऱ्हाईक बाई आरशासमोर उभी राहते, आधी पोट आत घेते, मग बाजूनं वळून पाठ बघते, मग केस सारखे करते. छातीवर काय लिहिलंय ते बघायला तिला उसंतच नसते. एकीला तर सासूबाईंनी मुद्दाम विचारलं, की बघा हो, वेलीत काही दिसतंय का? ती म्हणाली, हो ना, मी जरा बारीक दिसते.

बाई पार हिरमुसल्या. आपली खोडी फुकट गेल्याचं दुःख कुणाला सांगताही येत नाही.

अशात एका सकाळी दार वाजलं. बाहेर एक उंच, ताठ बाई उभ्या होत्या. नाकावर कोरा चष्मा, अंगात वेलीचं जाकीट. आपण पस्तीस वर्षं शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालो, असं त्यांनी उंबऱ्यातच सांगितलं आणि विचारलं, "ठिगळबाई आपणच का?"

बाईंनी दार सताड उघडलं. शेवटी कुणीतरी वाचलं होतं. शिक्षिकाबाईंनी सगळं क्रमानं सांगितलं. त्या चष्म्याच्या दुकानात गेल्या होत्या. नवा चष्मा डोळ्यांवर चढवला, समोर आरसा होता, आणि स्पष्ट दिसतंय का म्हणून सवयीनं समोर जे होतं ते वाचलं.

"आणि मग तुम्हाला कळलं, की त्यांनी चोरी केली," बाई उत्सुकतेनं म्हणाल्या.

"ते नंतर. आधी हे कळलं, की तुम्ही मूळमधला मू ऱ्हस्व काढलाय."

बाईंनी त्यांना आरशासमोर नेलं आणि नीट पाहिलं. खरंच होतं. बाकीची सगळी अक्षरं त्यांनी उलटी गिरवली होती. हा एक उकार कागदाच्या घडीत गेला होता, तो अंदाजानं भरताना सरळच भरला गेला. सरळ भरलेला दीर्घ उकार आरशात ऱ्हस्व होऊन बसला. दुकानदारानं तो जसाच्या तसा उचलला आणि आता तो शेकडो छात्यांवर मिरवत होता. चोरीचं वाटलं नव्हतं एवढं बाईंना या उकाराचं वाईट वाटलं. कानापर्यंत लाल झाल्या. सासूबाई मध्ये पडल्या आणि म्हणाल्या, की सुनेची काही चूक नाही, खिडकीची काच मळलेली होती.

शिक्षिकाबाईंनी ती सबब मान्य केली नाही, पण बसल्या. सगळी हकीकत ऐकल्यावर त्यांचा ताठपणा हळूहळू उतरला आणि ओठ एका कोपऱ्यातून वर गेला. त्यांच्या हाताखालून निम्मं गाव शिकून गेलेलं होतं. पुढच्या चार दिवसांत त्यांनी भेटेल त्या विद्यार्थ्याला, वय न बघता, आरशासमोर उभं केलं.

बोभाटा झाला तो असा झाला, की बाईंनी कल्पनाही केली नव्हती. लोक दुकानात येत, जाकीट चढवत, आरशात वाचत आणि हसत हसत विकत घेऊन जात. खप दुप्पट झाला. बाई कपाळाला हात लावून बसल्या. ज्याची फजिती करायला निघालो, त्याचीच दिवाळी केली की काय? पण तिसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकानं दुकानाच्या मालकालाच गाठून विचारलं, की नक्कल छान आहे, मूळ बघायला कुठं जायचं? मालकानं तेव्हा पहिल्यांदा आपल्याच दुकानातला आरसा नीट पाहिला. संध्याकाळी काचेतले पुतळे उघडे झाले.

दुसऱ्या दिवशी मालक दारात हजर. मागं आपले बहिणींचे भाऊ, पायपुसण्यावर चार-चार वेळा पाय पुसत. मालक घाईत होते, म्हणून बाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि सासूबाईंनी हातात बाही दिली. काय चाललंय ते कळायच्या आत ते उसवायला लागले होते. माफी त्यांनी मागितली नाही. झालं ते झालं, म्हणाले. गोदामात चारशे नग उरलेत, ते उद्या जाळून टाकतो, म्हणजे विषय संपला आणि तुमचंही समाधान झालं.

बाईंचं समाधान होणं राहिलं बाजूला. त्या उठून उभ्याच राहिल्या.

"जाळणार? त्या कापडानं तुमचं काय घोडं मारलंय?"

"मग त्याचं करायचं काय?"

"इथं पाठवा."

मालकांनी खोलीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि या बाईला वेड लागलंय अशी खात्री पटून लगेच हो म्हणाले. बाही खुर्चीवर ठेवून ते निघून गेले. गृहस्थ मात्र रेंगाळले. खाली बघत म्हणाले, की मला बहीण नाही, एकही नाही. पण दर महिन्याला इथं येऊन बहिणींबद्दल बोलायची सवय लागली, आता चुकल्यासारखं होईल.

बाईंनी खुर्चीवरची बाही उचलून तिची घडी घातली. सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "सातवी कशी आहे?"

"धाकटी," गृहस्थ म्हणाले. "जरा हट्टी आहे. पण मनानं चांगली."

चारशे जाकिटं पोत्यांत भरून आली आणि घराचं गोदाम झालं. नवरा दारातून आडवा होऊन शिरू लागला. जेवायचं ताट ठेवायला जागा राहिली नाही. सासूबाई एका पोत्यावर बसत आणि दुसऱ्यावर पाय ठेवत. शिक्षिकाबाई रोज तिसऱ्या प्रहरी येऊन उसवायला बसत, आणि गृहस्थही सुट्टीच्या दिवशी हजर. आपल्या खोडीनं आपल्यालाच पुरून ठेवलंय, हे बाईंनी कबूल केलं. कापडही असलं निसरडं, की रंग धरीना. शेवटी असं ठरलं, की बाह्यांच्या पिशव्या करायच्या, पाठींची गोधडीसारखी जाड आसनं शिवायची आणि अस्तरं बाईंच्या जाकिटांना लावायची.

अस्तरं काढायला सुरुवात झाली तेव्हा बाईंचा हात थबकला. अस्तराखाली भरतकामाची मागची बाजू होती, आणि तिथं मजकूर सरळ दिसत होता. आरसा नको की काही नको. ही नक्कल. मूळ ठिगळबाईंकडे. म्हणजे ज्या बायकांनी हे शिवलं, त्यांच्या डोळ्यांसमोर तो पहिल्या दिवसापासून होता.

त्यांनी दुसरं उसवलं, तिसरं उसवलं. पंचविसाव्या का सव्विसाव्या जाकिटात शिक्षिकाबाईंनी चष्मा सावरला आणि जोरानं श्वास घेतला. इथं मू दीर्घ होता. मशीनचा उकार कापून काढलेला आणि त्या जागी हातानं, किंचित फिकट हिरव्या दोऱ्यात, नवा भरलेला. सगळी पोती पालथी घातली तेव्हा अशी बावीस जाकिटं निघाली. बावीसही जाकिटांच्या आतल्या चिठ्ठीवर एकच शिक्का होता: मशीन अकरा. आणि त्या बाविसांच्या खिशांचे कोपरेही उसवता उसवेनात, इतके घट्ट टिपलेले.

बाईंनी गृहस्थांना कामाला लावलं. तुम्हाला चोरून माहिती काढायची सवय आहेच, म्हणाल्या, आता जरा सत्कारणी लावा. पुढच्या सुट्टीला ते एका बाईला घेऊन आले. चाळिशीची, सडसडीत, बोटांवर सुईचे जुने वण. ती दारातच उभी राहिली. तक्रार आली आहे असंच तिला वाटत होतं. बाईंनी जाकीट पुढं केलं आणि विचारलं, हे तुमचं का? ती म्हणाली, माझं नाही. मग खिशाच्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि तिला खोटं बोलवेना.

"तसाच सोडवत नाही हो कोपरा," ती म्हणाली. "खिशात माणूस हात घालणार."

"आणि हे आतलं? कधी वाचलंत?"

"पहिल्याच दिवशी. आम्हाला उलटीच बाजू दिसते. अख्ख्या रांगेनं वाचलं."

"मग कुणी सांगितलं कसं नाही?"

"विचारलंच नाही कुणी." ती पहिल्यांदाच हसली. महिनाभर हसून हसून पुरेवाट झाली होती, ती म्हणाली. सुपरवायझर आला की सगळ्या माना खाली. फक्त तो उकार डोळ्यांत खुपायचा. म्हणून जेवायच्या सुट्टीत बसून दुरुस्त करत होते, बावीस झाले, मग सुपरवायझर जेवायला तिथंच बसू लागला.

शिक्षिकाबाईंनी उठून तिला आपली जागा दिली. पस्तीस वर्षांत त्यांनी ती फारच थोड्यांना दिली असेल.

अकरा नंबरवालीनं खोलीभर नजर फिरवली. खिडकीपाशी बाईंचं कालच पुरं झालेलं जाकीट टांगलेलं होतं, महिन्याभरातलं सगळ्यात मनाजोगतं. तिनं ते खाली काढलं. कॉलर पाहिली नाही, खिसे पाहिले नाहीत, आधी ते आतून बाहेर उलटलं आणि शिवणीवरून अंगठा फिरवत निघाली. ठिगळबाई शाळेतल्या मुलीसारख्या हात मागं बांधून उभ्या होत्या.

काखेपाशी अंगठा थांबला.

"इथं टीप सैल आहे," ती म्हणाली.

बाईंनी वाकून पाहिलं. सैल होती. त्यांनी कात्री घेतली, खुर्ची ओढली आणि उसवायला बसल्या.